बंद झालेली गोळी आणि वाढलेला शेअर

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
गुंतवणूकदार सेवा कक्ष,
शेअर बाजार इमारत, तिसरा मजला.

विषय : माझ्या मालकीच्या एका शेअरचा भाव वाढल्याने झालेल्या नुकसानीबाबत.
संदर्भ : ‘नुकसान शून्य, तक्रार निकाली’ असे कळवणारे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

सविनय निवेदन करतो की, मी घड्याळे दुरुस्त करतो. माझे दुकान एका जिन्याखाली असून शेअर बाजाराशी माझा काडीचाही संबंध नव्हता. तो कसा आला ते खाली नमूद करीत आहे.

१. माझी धाकटी बहीण माझ्याकडे राहते. तिला बाराव्या वर्षापासून फिट येत असत. पुढे एका औषध कंपनीची पांढरी गोळी लागू पडली आणि एकोणीस वर्षांत एकदाही फिट आली नाही. ती इस्त्रीच्या दुकानात कामाला लागली, पोहायलाही शिकली.

२. गेल्या वर्षी ती गोळी मिळेनाशी झाली. औषध दुकानदार म्हणाला, “काका, कंपनीनंच बंद केली. एवढ्या स्वस्त गोळीत त्यांना काय सुटणार?” डॉक्टरांनी दोन गोळ्या बदलून पाहिल्या. एकीने अंगावर पुरळ उठले, दुसरीने फिट थांबेनात. मी कंपनीला चार पत्रे लिहिली. उत्तर नाही. तेव्हा तोच दुकानदार थट्टेने म्हणाला, “तुम्ही नुसते गिऱ्हाईक. शेअर घ्या, मालक व्हा. मालकाला उत्तर द्यावंच लागतं.” मी थट्टा मनावर घेतली आणि एक शेअर घेतला.

३. आठ दिवसांत उत्तर आले! गुळगुळीत कागदावरचा वार्षिक अहवाल आला, अध्यक्षांच्या हसऱ्या फोटोसह. त्यात पान एकतीसवर लिहिले आहे की, ‘कमी नफ्याच्या उत्पादनांतून आपली कंपनी यशस्वीपणे बाहेर पडली आहे.’ या यशात माझ्या बहिणीची गोळी आहे. बाजार खूश झाला, भाव चढला आणि कंपनीला निर्देशांकात जागा मिळाली. त्याचा समारंभ टीव्हीवर दाखवत होते तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर होतो. बहीण इस्त्री हातात असताना पडली होती. तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. तिची नोकरीही गेली.

४. म्हणून आपल्याकडे तक्रार केली. आपल्या फॉर्मवर ‘नुकसानीचा तपशील’ असा रकाना होता, त्यात मी ‘बहीण’ असे लिहिले. आपण कळवलेत की तपशील आकड्यांत हवा, आणि आकड्यांत पाहता अर्जदाराचा फायदाच झालेला आहे. खिडकीवरचे कारकून तसे भले गृहस्थ. ते म्हणाले, “अहो, इथं लोक भाव पडला म्हणून रडत येतात. तुम्ही तर हसत घरी जायला हवं.”

मी हसत गेलो नाही. मला संताप आला आहे, आणि तो सरकारी भाषेत बसवताना माझी दमछाक होते आहे.

५. तरी नम्र विनंती की, नुकसानीशिवाय तक्रार दाखल होत नसेल तर माझ्या एकट्याच्या शेअरचा भाव पाडण्यात यावा. इतरांच्या शेअरला हात लावू नये. तेही नियमात बसत नसल्यास, एक गोळी बनवून घेण्यासाठी किती शेअरची मालकी लागते ते लेखी कळवावे. बहीण मला रोज विचारते, “दादा, तू मालक ना? मग माझ्यासाठी एकदा मशीन चालू कर की.” ती चेष्टाच करते, पण माझ्याच्याने तिच्याकडे बघवत नाही.

६. निकाल मान्य नसल्यास गुरुवारी अकरा वाजता समक्ष हजर राहावे, असे आपण कळवले आहे. त्याप्रमाणे मी येत आहे. बहिणीला एकटे ठेवता येत नाही, त्यामुळे तीही सोबत असेल. आता तिला आठवड्यातून तीनदा फिट येते, आणि ती कचेरीची वेळ बघून येत नाही. आपल्या दालनात फिट आल्यास कर्मचाऱ्यांनी तिला दाबून धरू नये, तोंडात काही घालू नये. खुर्च्या बाजूला कराव्यात, तिला कुशीवर वळवावे आणि किती वेळ झाला ते बघत राहावे. पाच मिनिटांच्या वर गेल्यास रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आल्यावर आपण कुठे आहोत हे तिला कळत नाही आणि ती फार घाबरते. तेव्हा तिला एवढेच सांगावे की, दादा इथेच आहे. आपण शेअर बाजारात आहोत हे तिला लगेच सांगू नये.

आपला,
एका शेअरपुरता मालक
(सही)
घड्याळ दुरुस्त करणारा

दिनांक : सोमवार, सुनावणीच्या तीन दिवस आधी