पुलाच्या अलीकडे चौतीस किलोमीटर

४ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं ‘हं’ म्हणते, अशी तुझी तक्रार आहे, म्हणून प्रवासाचं सगळं कागदावर लिहिते आहे. सोबत तक्ता जोडला आहे.

विमानतळापासून पूल सहाशे बारा किलोमीटरवर आहे. नकाशा सात तास दहा मिनिटं दाखवतो. तो आकडा धरायचा नाही, तो न थांबता जाणाऱ्या माणसासाठी असतो. बाबांना सलग दीड तासाच्या वर बसवायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. गेल्या महिन्यात मी घरी आले होते तेव्हा शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना दोनदा फिरवून आणलं, ते हवा खायला नव्हतं. वेळ मोजली. उतरायला चार मिनिटं, बाथरूमला जाऊन पाय मोकळे करून यायला सोळा, परत बसायला पाच. म्हणजे पंचवीस मिनिटांचा एक थांबा. डावा पाय त्या दिवशी बरा होता, हेही लक्षात ठेवावं लागेल.

रस्ते दोन आहेत. नदीकाठचा एक्केचाळीस किलोमीटरने कमी आहे, पण वाटेत तेवीस गावं आणि अवजड ट्रक. मी हायवे निवडला. पहिल्या दिवशी तीनशे चौऱ्याऐंशी किलोमीटर, मग मुक्काम. दुसऱ्या दिवशी आठ पस्तीसला निघायचं, अकरा चाळीसला पूल, आणि दुपारी तीन पंचावन्नला परत मुक्कामी. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवतात. त्यासाठी विमानतळाच्या पार्किंगमध्ये अर्धा तास सराव करेन.

जुना पूल १ नोव्हेंबरपासून बंद होणार आणि मग पाडणार, ही बातमी बाबांना तूच वाचून दाखवलीस. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन तेवढ्यात होणार नाही, त्यामुळे घरात गाडी चालवणारी मीच उरते. माझी तक्रार नाही. मी दोन वर्षांची असताना ते त्या पुलावर वेल्डर म्हणून गेले आणि मी तेरा वर्षांची झाल्यावर परत आले. मधली अकरा वर्षं आपल्या घरात एकच उत्तर होतं, पूल अजून व्हायचाय. एवढा वेळ ज्याला लागला ते निदान एकदा बघावं, असं मलाही वाटतं.

आईला नमस्कार. लोभ आहे, असं धरून चालते.

तुझी,
ठकू

१२ सप्टेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तक्ता मिळाला. दादाला मोठ्याने वाचून दाखवला. त्याने शेवटपर्यंत ऐकला आणि ‘बरं’ म्हणाला. तुझं ‘हं’ आणि त्याचं ‘बरं’, दोघांचं मिळून एक पोस्टकार्डसुद्धा भरायचं नाही. बापलेकीला दोन दिवस एका गाडीत कोंडायचं ठरवलं ते मी, तेव्हा वाटेत तुम्ही एकमेकांचा जीव घेतलात तर पाप माझ्या माथी.

वहिनीला मी पुन्हा विचारलं, की तूही जा. ती डबे पुसत होती. म्हणाली, अकरा वर्षं त्या पुलाची वाट पाहिली, आता तो पाडायला निघालेत तर मी काय हात लावायला जाऊ. मग तिने तेच डबे दुसऱ्यांदा पुसले. मी विषय सोडला.

माझं काम चालू आहे. डोळा धूसर असला तरी शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून ब्रेक दाबायला पाय पुरतो. सध्या एक बँकेतले साहेब येतात. क्लच सोडताना डोळे मिटतात. मी त्यांना म्हटलं, साहेब, डोळा माझा अधू आहे, तुमचा चांगला आहे, तो तरी उघडा ठेवा. तुला एकच सांगते. उजव्या बाजूच्या रस्त्यावर सरळ जाताना कुणी चुकत नाही. चूक होते ती थांबून पुन्हा निघताना. पेट्रोल भरून बाहेर पडलीस, की आधी मान वळव, मग चाक.

आता तक्त्याबद्दल. दुसऱ्या दिवसाच्या ओळीत पुलावर पोचायची वेळ अकरा चाळीस आहे आणि पुलावरून निघायची वेळही अकरा चाळीसच आहे. बाथरूमला सोळा मिनिटं, जेवणाला पंचेचाळीस, आणि ज्याच्यासाठी समुद्र ओलांडून जायचं त्याला काहीच नाही. मला वाटलं माझ्या डोळ्याचा दोष, म्हणून वहिनीकडून वाचून घेतलं. तीही तेच म्हणाली.

आणखी एक. दादाने नकाशा मागून घेतला आणि पुलाच्या अलीकडे चौतीस किलोमीटरवर एका गावावर बोट ठेवलं. तिथे थांबायचं म्हणतो. काय आहे विचारलं तर म्हणाला, टायरचं दुकान आहे. तेवढं तक्त्यात घाल.

जेवत जा. पत्राला उत्तर येईपर्यंत तुझ्यावर लोभ, आलं की दुप्पट.

तुझी,
आत्या

१९ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अकरा चाळीसचं खरं आहे. त्याचं कारण असं, की आमच्या कामात पूल म्हणजे रस्त्याचा तुकडा धरतात. त्यावरून गाड्या किती वेळात जातात तेवढं मोजायचं. थांबायची जागा म्हणजे चौक. शहरातल्या सगळ्या सिग्नलांच्या वेळा मी अशाच बसवते, आणि तक्ता करताना हात त्याच सवयीने चालला. दुरुस्ती केली आहे. पुलावर गाडी उभी करायला मनाई आहे, पण अलीकडच्या टोकाला मोकळी जागा आहे. तिथे वीस मिनिटं ठेवली आहेत.

टायरच्या दुकानासाठी हायवे सोडून सहा किलोमीटर आत जावं लागतं. तोही थांबा घातला, कारण न कळता.

आता हे वाच. पुलावर वेगाची मर्यादा किती आहे ते शोधत होते, तर तिथल्या रस्तेखात्याच्या पानावर पूल वाहतुकीला खुला झाल्याची तारीख सापडली. मी तेव्हा सहा वर्षांची होते. छपाईची चूक असेल असं समजून आणखी दोन ठिकाणी पाहिलं. एका ठिकाणी उद्घाटनाचा फोटो आहे. पूल पूर्ण आहे, त्यावर गाड्या उभ्या आहेत. तारीख तीच.

म्हणजे बाबा गेल्यापासून चार वर्षांत काम संपलं होतं. उरलेली सात वर्षं आई मला त्यांची पत्रं वाचून दाखवायची आणि त्यात लिहिलेलं असायचं, की पुलाचं थोडं राहिलं आहे. दुसरीत मी त्या पुलाचं चित्र काढलं होतं, मध्ये तुटलेलं. बाईंनी पूर्ण कर म्हटलं तर मी म्हणाले, अजून व्हायचाय.

हे मला जेवणाच्या सुट्टीत सापडलं. समोर भिंतीवर चाळीस चौकांचे पडदे चालू होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. मग सकाळपासून अडलेल्या एका चौकाची हिरव्याची वेळ सहा सेकंदांनी वाढवली आणि संध्याकाळी घरी गेले. रडू वगैरे आलं नाही. येईल असं वाटलं होतं.

मी बाबांना विचारणार आहे, की ती सात वर्षं ते का आले नाहीत. प्रवासाला जायचं माझ्यापुरतं आता तेवढंच कारण आहे. त्याआधी तुला विचारते. तुला माहीत होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

या वेळी लोभाचं काही लिहीत नाही.

ठकू

२८ सप्टेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

हो.

एवढंच लिही म्हणालीस, पण मला ते जमणार नाही. पूल झाल्यावर दादाने मला एक पत्र पाठवलं होतं, घरी नाही, ड्रायव्हिंग स्कूलच्या पत्त्यावर. काम संपलंय, इतक्यात येत नाही, वहिनीला सांगू नकोस, एवढ्या तीन ओळी. मी चोवीस वर्षांची होते. वाटलं, महिना दोन महिन्यांचा प्रश्न असेल. मग वहिनी विचारायची आणि मी सांगायची, पुलाची कामं अशीच रेंगाळतात. एकदा सांगितल्यावर दुसऱ्यांदा सांगणं सोपं गेलं. वर्षभराने खरं बोलायचं झालं असतं तर आधी माझंच वर्षभराचं खोटं काढावं लागलं असतं. चुकीच्या रांगेत शिरलात तर लगेच बाहेर पडा, असं मी रोज लोकांना शिकवते. आणि मी स्वतः सात वर्षं त्याच रांगेत.

का आला नाही ते मला ठाऊक नाही. देवाशपथ. मी पत्रातून एकदा विचारलं होतं. त्याने उत्तरात तिथल्या थंडीबद्दल दीड पान लिहिलं.

तू विचार. तुझा हक्क आहे, माझ्यापेक्षा आणि कदाचित वहिनीइतकाच. फक्त गाडी थांबवून, इंजिन बंद करून विचार. आता त्याला एक वाक्य जुळवायला वेळ लागतो, आणि उत्तराची वाट बघत गाडी चालवणारा माणूस रस्ता बघत नाही. हे मी आत्या म्हणून नाही, मास्तरीण म्हणून सांगते.

वहिनीला अजून काही माहीत नाही. काल तिने दादाचे स्वेटर उन्हात घातले आणि तुझ्यासाठी एक जास्तीचा ठेवला.

रागावली असशील तर रागाने लिही, पण लिहीत राहा. लोभाचं मागण्याइतकं तोंड मला उरलेलं नाही.

तुझी,
आत्या

१७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मुक्कामाच्या खोलीतून लिहिते आहे. सकाळचे सव्वानऊ झाले आहेत. बाबा खिडकीशी खुर्चीत बसले आहेत. हे पत्र टपालाने वेळेत पोचणार नाही. बुधवारी विमानतळावर तुझ्या हातातच देईन, कारण हे मला तोंडी सांगता येणार नाही.

पहिल्या दिवशी टोलनाक्यामुळे पंधरा मिनिटं उशीर झाला. बाकी सगळं तक्त्याप्रमाणे. काल आठ पस्तीसला निघालो. पुलाच्या अलीकडे चौतीस किलोमीटरवर हायवे सोडला. टायरचं दुकान अजून आहे. बाबा उतरले नाहीत. काचेतून त्यांनी पहिल्या मजल्यावरची खिडकी दाखवली आणि म्हणाले, त्या खिडकीचे गज त्यांनी जोडलेले आहेत. मी इंजिन बंद केलं आणि विचारलं.

त्यांनी तुकड्यातुकड्याने जे सांगितलं ते असं. पूल झाल्यावर ठेकेदाराने परतीचं तिकीट हातात दिलं होतं. चार वर्षं बराकीत सोळा जणांत झोपले होते, म्हणून आठ दिवस विश्रांती घ्यावी आणि निघावं, असं ठरवून त्यांनी वरची खोली घेतली. एक खाट, एक कप, शर्टाला एक खिळा. खाली दुकानात लोकांचे सायलेन्सर आणि फाटकं जोडायची, संध्याकाळी वर जायचं. कुणी काही विचारत नसे. झोप चांगली लागायची. मग वाटलं, पुढच्या महिन्यात जाऊ. पुढच्या महिन्यातही तसंच वाटलं.

दुसरं कुणी होतं का, हेही मी विचारलं. नीट माहीत असावं म्हणून. कुणी नव्हतं. आमची आठवण यायची का, हे मी विचारलं नव्हतं, ते त्यांनी आपणहून सांगितलं. रोज यायची. आठवणीचा त्रास नव्हता, जायचा होता. मग शेवटी परत का आलात, असं मी विचारलं. मालकाने इमारत विकली आणि नव्या मालकाला खोली रिकामी हवी होती, असं ते म्हणाले. दुसरी खोली शोधायचा कंटाळा आला.

मी रागाची वाट पाहिली. तो आला नाही. आत्या, मला ती खोली ओळखीची वाटली. माझ्या घरी दोन खुर्च्या होत्या, त्यातली एक मी गेल्या वर्षी देऊन टाकली, कारण तिच्यावर कुणी बसत नव्हतं. माझी सेहेचाळीस दिवसांची रजा शिल्लक आहे. बाबांची वेळ मोजायला आले त्याआधी मी चौदा महिने घरी आले नव्हते, आणि मला काहीही काम नव्हतं.

तिथून निघेपर्यंत साडेबारा झाले. पुढे पाच मिनिटांत बाबांना झोप लागली. अलीकडच्या टोकाच्या मोकळ्या जागेपाशी मी वेग कमी केला, त्यांच्याकडे पाहिलं आणि थांबले नाही. पूल अकराशे मीटरचा आहे, ऐंशी सेकंदांत संपला. पलीकडे गेल्यावर ते जागे झाले आणि पूल आला का म्हणाले. मी म्हटलं, गेला. मागे वळवू का, असंही विचारलं. नको म्हणाले. परतताना आम्ही शेजारच्या नव्या पुलावरून आलो.

आईला हे माझ्याकडून किंवा तुझ्याकडून कळू नये, त्यांनीच सांगावं, असं मी काल त्यांना म्हटलं. ते म्हणाले, सांगू एखाद्या दिवशी.

बुधवारी संध्याकाळी विमान उतरलं, की बाबांना तुझ्या ताब्यात देऊन मी तासाभरातल्या दुसऱ्या विमानाने माझ्या शहरात जायचं, असं ठरलं आहे. तसं तिकीट आहे. आता मी पुढची ओळ लिहायला घेतली होती, की या वेळी घरी येणं जमत नाही, पुढच्या महिन्यात बघते. ती लिहिता लिहिता थांबले. पत्र बाजूला ठेवून खाली फोन करायला जाते आहे.

जाऊन आले. पुढचं तिकीट रद्द केलं. बुधवारी आम्ही दोघंही घरी येतो आहोत. बाबांना सांगितलं, की आईला बुधवारीच सांगायचं, मी शेजारी बसेन, वाक्य अडलं तर थांबेन, पण मी बोलणार नाही. मग त्यांनी विचारलं, किती वाजता.

मी म्हटलं, जेवणाच्या आधी.

तू त्या वेळी तिथे असावीस, एवढा लोभ मागते.

तुझी,
ठकू