दाजींचा अल्बम

तेरखेडा, मंगळवार, संध्याकाळ

आठवडाभर मोबाईलवर अल्बम ऐकतोय. जॅझवाले शेवटपर्यंत वाद्यंच जुळवत बसले. मेटल म्हणजे पत्र्यावर डबे पडल्यागत. गझलवाला स्वतःवरच लई खूश.

आज ताईचे मालक, दाजी, त्यांच्या भजनांचा अल्बम घेऊन आले. एक इअरफोन माझ्या कानात, एक त्यांच्या. सगळी भजनं संपल्यावर म्हणाले, "खरं सांग, कसा झालाय?"

"फुसका बार, दाजी. आमच्या फटाक्याच्या कारखान्यात असला माल बाजूला काढतेत."

"व्हय का," एवढंच म्हणाले. माझ्या कानातला इअरफोन काढून घेतला, शर्टाला पुसला, खिशात ठेवला. चहालाबी थांबले न्हाईत.

पुसला कशाला? माझा कान काय घाण होता?

पाचव्या भजनाला अंगावर काटा आला होता. तेव्हा म्या गुपचूप बाही खाली ओढली, दाजींना दिसू नये म्हणून.