खांद्यावरचा हात

चक मीरां, जिल्हा होशियारपूर
९ नोव्हेंबर २०१४

चि. सुक्खीस निरंजनतायाचे अनेक आशीर्वाद आणि सत श्री अकाल. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आजच्या काळात पत्रं कसली लिहिता म्हणून गावातली पोरं हसतात, हसू देत. फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी माझ्या सोयीने भरतो, असं तुझ्या काकूचं म्हणणं आहे. गुरमेज कौर चाळीस वर्षं तेच म्हणते आहे. तेव्हा तर माझे कान धडधाकट होते.

तुमच्या नगरपालिकेने बागेत शीख शिपायांचं स्मारक उभारायचं ठरवलं आणि त्यावर माझ्या आजोबांचं, म्हणजे तुझ्या पणजोबांचं चित्र येणार, हे मी गुरुद्वाऱ्यात जाऊन सगळ्यांना सांगितलं. दोनदा सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्सच्या चिखलात गेलेला आपला पाखर सिंग इंग्रजांना आता आठवला. उशिरा का होईना, आठवला. आणि घराण्यातर्फे चार शब्द तू बोलणार! तुझा बाप असता तर त्याने आख्ख्या गल्लीला लाडू वाटले असते. माझ्या धाकट्या भावाला निमित्तच लागायचं.

सोबत फोटो पाठवतो आहे. आपल्याकडे हा एकच. जालंधरला काढलेला. खुर्चीवर गणवेशात पाखर सिंग बसलेत आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभे आहेत ते त्यांचे धाकटे भाऊ वरियाम सिंग. नंतर कॅनडात लाकडाच्या गिरणीत गेले, तिथे गदरवाल्यांत मिसळले, इंग्रजाला घालवायला परत आले, पकडले गेले आणि काळ्या पाण्यावरच वारले. तुला हे ठाऊक आहे, पण तिथल्या लोकांना सांगताना नीट सांग. फोटो जपून ठेव. काकूने वळलेल्या पिन्न्यांचा, कणकेच्या लाडवांचा, डबा वेगळा पाठवलाय, तो जपून ठेवला नाहीस तरी चालेल.

घरच्या सगळ्यांना माझी आठवण दे, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
ताया निरंजन सिंग

———

इंग्लंड
१४ डिसेंबर २०१४

ती. तायाजींच्या पायांशी सुक्खीची सत श्री अकाल. वि. वि.

पिन्न्या पोचल्या आणि संपल्याही. तुमच्या नातीने, इकनूरने, शाळेच्या डब्यात नेल्या, त्यामुळे काकूची कीर्ती आता वर्गभर झाली आहे.

तायाजी, एक गोष्ट लिहायची की नाही यात आठवडा गेला. गेल्या आठवड्यात दवाखान्यातून घरी येताना बसथांब्यावर स्मारकाचं मोठं भित्तिपत्रक लावलेलं पाहिलं. पणजोबा छान दिसतात. खाली लिहिलंय, राजाचा निष्ठावान शीख. पण वरियाम सिंग त्यात नाहीत. त्यांना कापून टाकलंय, आणि कापणाऱ्याला एक गोष्ट जमलेली नाही. पणजोबांच्या खांद्यावर हात तसाच राहिलाय. मनगटापर्यंत, कडं घातलेला. मनगटामागे नुसती पांढरी भिंत. मी तिथे बघत उभी राहिले आणि माझी बस गेली.

नगरपालिकेत जाऊन फियोनाबाईंना भेटले. हे सगळं काम त्याच बघतात. बाई वाईट नाहीत, त्यांनी चहा दिला, माफीही मागितली, पण हाताबद्दल. तो नीट पुसून घेऊ म्हणाल्या. मी म्हटलं की हात नको पुसायला, माणूस परत आणा. तेव्हा त्यांनी एक कागद दाखवला. त्यांच्या माणसाने लंडनला जाऊन जुनी सरकारी दप्तरं पाहिली होती. त्यात पोलिसांनी वरियाम सिंगांबद्दल लिहिलंय की धोकादायक, राजद्रोही, लक्ष ठेवावे. बाई म्हणाल्या की हा दिवस सगळ्यांना एकत्र आणायचा आहे, उगाच गुंतागुंत नको.

मी विचारलं की ज्या सरकारने त्यांना कोंडलं त्याच सरकारला त्यांचं चारित्र्य विचारायचं, हे कसं? त्या म्हणाल्या की दप्तरात दुसरं काही मिळालं नाही. आणि ते खरंच आहे, तायाजी. आपलं म्हणणं दप्तरात कुणी ठेवलं?

इथे टीव्हीवर आपल्या माणसांसाठी दोनच खण आहेत. एकात राजासाठी मरणारा पगडीवाला, दुसऱ्यात बाँबवाला. इकनूरने मला विचारलं की मग आपण कुठल्या खणातले? मी तिला वरण वाढलं आणि विषय बदलला.

माझं भाषण आधी लिहून मागितलंय, ते तपासणार आहेत. मला वाटतं मी जाऊच नये. फोटोही परत मागते. तुम्ही काय म्हणता?

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्या, तो तरी कुणाला कापता येणार नाही.

तुमची
सुक्खी

———

चक मीरां
२ जानेवारी २०१५

चि. सुक्खीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस कुणाशी बोललो नाही. गुरमेज कौर म्हणाली की घरात एवढी शांतता तिला सोसवत नाही, हवं तर भांडा. मग भांडलो. जरा बरं वाटलं.

आधी मीही हेच लिहायला बसलो होतो की जाऊ नकोस, थुंक त्या स्मारकावर. तेवढ्यात दरबारा सिंग आला. माझा लंगोटीयार, गावच्या समितीचा मुखिया. कॅनडात गेलेल्या आपल्या लोकांनी वेशीवर शहीद वरियाम सिंग यांच्या नावाची कमान बांधायचं ठरवलंय. तिकडच्या त्यांच्या टीव्हीवर त्याचा कार्यक्रमही होणार. दरबारा म्हणाला की तो जालंधरचा फोटो दे. माझा ऊर भरून आला. पुढे म्हणाला की आम्ही फक्त वरियाम सिंगांना घेणार, कारण शेजारी इंग्रजांचा भाडोत्री शिपाई बसलेला बरा दिसत नाही. कॅनडावाल्यांनी तसं कळवलंय.

सुक्खी, माझ्या घरात, माझ्या खाटेवर बसून, माझी लस्सी पिऊन हा माझ्या आजोबांना भाडोत्री म्हणतो! मी म्हटलं की तुझा बाप पाटबंधाऱ्याच्या कचेरीत इंग्रज साहेबाच्या हाताखाली होता, त्याला काय म्हणू? तो म्हणाला, ती नोकरी होती. मी म्हटलं, मग हे काय जत्रेला गेले होते? लस्सी अर्धी टाकून गेला. आजवर त्याने माझ्याकडे कधी लस्सी टाकली नव्हती.

मग मी विचार केला. शाळा मी चौथीपर्यंतच शिकलो, बाकी सगळं गुरुद्वाऱ्याच्या वाचनालयात उभ्याउभ्या वाचलं. पण एवढं कळतं की राजाच्या सरकारला एक भाऊ हवाय आणि कॅनडाच्या टीव्हीला दुसरा. दोघं मिळून कुणालाच नकोत.

बेबेंना हवे होते. बेबे म्हणजे या दोघांची आई. मी लहान असताना त्या होत्या. धाकट्यासाठी सरकारने पोलीस पाठवून घरातली भांडीकुंडी उचलून नेली. लढाई संपल्यावर त्याच सरकारने थोरल्याच्या नावाची काशाची चकती पाठवली. बेबेंनी ती तुपाच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवली, कारण मूळचं झाकण पोलिसांनी नेलं होतं. माझ्या वडिलांनी शाळामास्तरांकडून चकतीवरची इंग्रजी अक्षरं वाचून घेतली. हा स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला, असं होतं. बेबेंनी विचारलं की मग दुसरा कशासाठी मेला?

घरातल्या अरदासेच्या प्रार्थनेत बेबे दोघांची नावं एका श्वासात घेत. अरदास सांगणाऱ्याने कधी एकच नाव घेतलं की त्या संपेपर्यंत थांबत आणि मग विचारत की दुसऱ्याला काय दाराबाहेर उभं केलंस?

म्हणून सांगतो, तू जा. तू गेली नाहीस तर थोरलाही त्यांचाच होऊन जाईल. तिथे काय बोलायचं ते मला सुचत नाही. तुला सुचेल.

रागावलेल्या म्हाताऱ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

ताया निरंजन सिंग

———

इंग्लंड
१५ मार्च २०१५

ती. तायाजींच्या पायांशी सत श्री अकाल. वि. वि.

काल कार्यक्रम झाला. सगळं सांगते, क्रमाने.

भाषण लिहून दिलं होतं. त्यात वरियाम सिंगांवर तीन वाक्यं होती, तिन्ही कापून परत आलं. फियोनाबाईंनी प्रेमाने समजावलं की वेळ कमी आहे. मग त्यांनीच विचारलं की शेवटी तुमची परंपरागत प्रार्थना होईल का, लोकांना आवडते. मी हो म्हटलं. मजकूर दाखवायचा का, असंही मी विचारलं. त्या म्हणाल्या की छे, प्रार्थना काय तपासायची.

तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं.

बागेत थंडी मरणाची. बँड वाजला, पडदा सरला. हात त्यांनी शेवटी पुसलाच नव्हता. फियोनाबाई हळूच म्हणाल्या की पुसला तर खांदा विचित्र दिसत होता. मी कापलेलं भाषण वाचलं. टाळ्या झाल्या. मग मी सगळ्यांना डोकं झाकायला आणि उभं राहायला सांगितलं. नगराध्यक्ष, लष्करातले दोन साहेब, बँडवाले, सगळ्यांनी गुरुद्वाऱ्याने दिलेले केशरी रुमाल बांधले. नगराध्यक्षांचा रुमाल वाऱ्याने एका कानावर आला होता. मधे मधे सगळ्यांनी वाहेगुरू म्हणायचं, एवढं आपल्या मुलांनी त्यांना आधी शिकवून ठेवलं होतं.

मी अरदास सुरू केली. दिवंगतांची नावं घ्यायची वेळ आली तेव्हा मी बेबेंसारखंच केलं. पाखर सिंग आणि वरियाम सिंग, बेबेंची दोन्ही मुलं, एक फ्रान्सच्या मातीत, एक काळ्या पाण्यात, दोघांना चरणांशी जागा दे. आपली म्हातारी माणसं मागे उभी होती, त्यांचा वाहेगुरू असा आला की कबुतरं उडाली. आणि तायाजी, पुढच्या रांगेतून नगराध्यक्षांनीही हात जोडून खणखणीत वाहेगुरू म्हटलं.

मला आनंद झाला, पण लपवाछपवी नको वाटली. म्हणून चहाच्या वेळी मी स्वतःच फियोनाबाईंना सांगितलं की प्रार्थनेत मी कुणाची नावं घेतली. त्यांचा चेहरा पडला. बराच वेळ कप ढवळत राहिल्या. साखर त्या घेत नाहीत. मग म्हणाल्या की आधी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, आधी तीन वाक्यांत सांगितलंच होतं.

आजच्या पेपरात बातमी आहे. शीख समाजाने राजाबद्दल कृतज्ञतेची प्रार्थना केली, असं छापलंय. मी हसले आणि मग थोडी रडले. संपादकाला पत्र लिहिलंय. छापतील की नाही, कोण जाणे.

पण एक झालं. लोक पांगल्यावर एक इंग्रज आजीबाई काठी टेकत फलकापाशी उभ्या होत्या. त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं की हा हात कुणाचा? मी सांगायला लागले. इकनूर माझ्याआधीच सांगायला लागली, तिने जालंधरपासून सुरुवात केली.

माया अशीच उबदार ठेवा, इथे अजून कोट उतरत नाही.

तुमची
सुक्खी

———

चक मीरां
४ एप्रिल २०१५

चि. सुक्खीस आणि चि. इकनूरला पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र गुरमेज कौरने मला मोठ्याने वाचायला लावलं. कबुतरं उडाली तिथे तिने पदर डोळ्यांना लावला. नगराध्यक्षांचा वाहेगुरू ऐकून मात्र इतकी हसली की चुलीवरचं दूध उतू गेलं.

इथली कमान झाली. मी हरलो, बाळा. फोटो मी दिला नव्हता, पण तुमच्या नगरपालिकेने कापण्याआधी तो इंटरनेटवर आख्खा टाकला होता, तिथून कॅनडावाल्यांनी उचलला आणि त्यांना हवा तेवढा कापला. कमानीवर वरियाम सिंग एकटे उभे आहेत. देखणे दिसतात. भांडलो, समितीपुढे बोललो, एकाने मला इंग्रजांचा वकील म्हटलं. या वयात नवी पदवी मिळाली.

उद्घाटनाला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दरबारा सिंग दारात आला आणि मला हाताला धरून वेशीवर घेऊन गेला. वर बघ म्हणाला. मी पाहिलं. सुक्खी, त्यांनाही नीट कापता आलेलं नाही. वरियाम सिंगांच्या हाताखाली गणवेशाचा खांदा राहिलाय, पितळी बटणासकट. तुमच्याकडे हात गेला, आमच्याकडे खांदा आला.

दरबारा म्हणाला की कालपासून येणारा जाणारा त्याला विचारतोय, हा खांदा कुणाचा? आणि भाडोत्र्याचा, असं सांगायला त्याची जीभ वळत नाही. मी म्हटलं, मग काय सांगतोस? तो म्हणाला, निरंजनला विचारा असं सांगतो. म्हणून मी आता संध्याकाळी खुर्ची घेऊन कमानीखाली बसतो. दरबाराही येतो. त्याची लस्सी गुरमेज कौर तिथेच पाठवते, आणि तो ती संपवतो.

तू येशील तेव्हा फोटो घेऊन ये. आपण दोघांना घरात एकत्र टांगू, तुपाच्या मडक्याच्या वर. तोवर रोजच्या अरदासेत मी दोन्ही नावं घेतो. काल घाईत एकच नाव घेतलं आणि थांबलो. मागून कुणी काही बोललं नाही, तरी मी उठून दार उघडून आलो.

आपला लोभ दोन्ही भावांवर सारखा असू दे.

तुझा
ताया निरंजन सिंग