इशारा आणि पायरी एकाच पानावर

आबा,

इथे सुरतेत इच्छापोरला मी काय काम करते, हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मला नोकरी लागायची होती, आणि आई शेजारणींना "पोर कॉम्प्युटरवर काम करस" एवढंच सांगते. मी यंत्रांची माहितीपुस्तकं करते, कापड विणायच्या लूमचीच. पुस्तक करते, पण पान लिहीत नाही. लिहिते ती नुसत्या अक्षरांची फाइल, प्रत्येक मजकुराला खूण लावलेली: ही पायरी, हे चित्र, हा इशारा. दिसायला अगदी रूक्ष. मग एक आज्ञा दिली की एक प्रोग्राम खुणा तपासतो. एखादी उघडून मिटायची राहिली असेल तर तिथेच अडून बसतो. दुसरा नियमांच्या वेगळ्या फाइलमध्ये पाहून प्रत्येक खुणेला रूप देतो, म्हणजे पायरीला आकडा, इशाऱ्याला चौकट आणि त्रिकोण. शेवटी मजकुराची पानं पडतात आणि पीडीएफ तयार होते. पान कुठे तुटायचं ते सहसा प्रोग्रामच ठरवतो.

त्या नियमांमध्ये एक ओळ माझी आहे: इशारा आणि त्यानंतरची पायरी एकाच पानावर राहिली पाहिजे. तिच्यामुळे कधीकधी पानाचा खालचा अर्धा भाग कोरा राहतो. गेल्या आठवड्यात साहेबांनी ती काढायला सांगितली, गिऱ्हाइकाला कोरी जागा खटकते म्हणून. मी हेकटपणा केला, तो तुमच्याकडूनच आलाय. मग त्यांना तुमची गोष्ट सांगितली.

लिंबायतची खोली. कारखान्यात तुमच्या खात्यात नवे लूम आलेत आणि शेठनं दिलेलं इंग्रजी पुस्तक तुम्ही घरी आणलंय. मी दहावीत. आई भाकरी थापतेय, मी वाचून अर्थ सांगतेय, तुम्ही मान डोलावत सगळं डोक्यात साठवताय. दुसऱ्या दिवशी तुम्ही बटण बंद करून हात आत घातलात. जुने लूम जागच्या जागी थांबायचे, नवे बंद केल्यावरही थोडा वेळ फिरत राहायचे. उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यात आई माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मांगला पानवर लिखेल व्हतं. पोरले कसं दिसीन?" विषय तिथेच संपला.

साहेब म्हणाले, राहू दे. ओळ राहिली.

पण आबा, इशारा मागच्या पानावर नव्हता. त्याच पानावर, पायरीच्या वर होता, त्रिकोणासकट. माझी ओळ त्या पुस्तकाला असती तरी तुमची बोटं वाचली नसती. तुम्ही त्रिकोणावर बोट ठेवून विचारलंत, "आठे काय लिखेल शे?" त्यातले दोन शब्द मला येत नव्हते. अख्ख्या गल्लीत तुम्ही माझ्या इंग्रजीचं कौतुक करून ठेवलेलं. येत नाही म्हणायची लाज वाटली. म्हटलं, काही नाही, नेहमीचंच आहे.

टाके निघाले त्या दिवशी तुम्ही डाव्या हातात डिक्शनरी घेऊन आलात, माझ्या दप्तरावर ठेवलीत आणि जेवायला बसलात. रागावला असतात तर मला बरं वाटलं असतं. ती आजही ऑफिसात माझ्या टेबलावर असते. कोणी विचारलं तर मी सांगते, वडिलांनी बक्षीस दिली.