रुबीची तबकडी

अहो,

आत्ताच रुबी गेली. तिची गाडी वळणाआड झाली आणि मी कप तसेच ठेवून लिहायला बसले. तुमची तबकडी वाजली! म्हणजे रुबीचीच, पण शेवटची दोन वर्षं तिचा घोर तुम्हालाच होता ना?

तिनं ती तुमच्याकडे दिली, तेव्हा मी क्लिनिकच्या काउंटरवर होते. ब्लडप्रेशर तपासून झाल्यावर तिनं पिशवीतून जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली तबकडी काढली. महायुद्धानंतर खाली गावातल्या रेडिओ स्टेशनवर तिच्या घरच्यांनी गायलेलं एकुलतं एक रेकॉर्डिंग. बँजोवर तिचा भाऊ क्लाइड, तोही आता नाही. त्यांची गाणी या केंटकीच्या डोंगरांपलीकडे कधी गेलीच नाहीत. "डॉक, तुझ्याकडे चांगलं मशीन आहे. मला ऐकव."

घरी येऊन तुम्ही सुई ठेवलीत. नुसती खरखर, तीच तीच. पुसलीत, पुन्हा ठेवलीत. शेवटी म्हणालात, "सुधा, माझ्या सुईनं घालवलं गं तिच्या भावाला." आणि तिला मात्र सांगत राहिलात, नवीन सुई मागवली आहे! पेशंटला सेकंड ओपिनियन घ्या म्हणणारे तुम्ही, स्वतः एकालाही विचारलं नाहीत? हॉस्पिटलमध्येसुद्धा तेच, "रुबीला काय सांगू?"

आपला नितीन तिकडे एडिसन शहरातून फोनवर म्हणतो, "आई, त्या रेकॉर्ड्स डोनेट करून टाक ना." बाकीच्या देईन. ही कशी देऊ? म्हणून आज रुबीला बोलावलं, चहा दिला आणि सरळ सांगून टाकलं, "तबकडी त्यांच्या हातून खराब झाली. तुला सांगायचा त्यांना धीर झाला नाही."

तिनं कप खाली ठेवला. मग विचारते, "हनी, डॉकनं सुई कुठं ठेवली होती?"

"कुठं म्हणजे? कडेला. सगळे ठेवतात तिथंच."

"अगं, ही मधून सुरू होते! स्टेशनवाले अशाच कोरायचे, आतून बाहेर. अरे देवा, दोन वर्षं तो बिचारा गाण्याच्या शेपटावर बसून होता!"

इतकी हसली की चष्मा काढावा लागला. मग त्यातच रडली.

सुई लेबलाजवळ ठेवली. आधी क्लाइडचा बँजो, मग चार आवाज. सगळ्यांत मिळून माईक एकच. रुबीचा आवाज मोठा, म्हणून तिला पार दारापाशी उभं केलं होतं म्हणे. तरी सगळ्यांच्या वर तिचाच! गाणं संपताना कोणीतरी हसत काहीतरी पुटपुटतं. "क्लाइड," रुबी म्हणाली. "मलाच बोलतोय, मेला."

तुम्ही काहीही बिघडवलं नव्हतं. ऐकताय ना? काहीसुद्धा नाही. किती हलकं वाटतंय मला!

कॉलेजच्या लायब्ररीत सीडी करून देतात. ती आली की रुबीच्या घरी मी स्वतः घेऊन जाणार. डोंगरातला तो वळणांचा रस्ता नेहमी तुम्हीच ड्राइव्ह करायचात आणि मी शेजारी डोळे गच्च मिटून बसायचे. या वेळी उघडे ठेवीन. नक्की.

तुमची,
सुधा