थोरलीचं माप

ती. आत्यास,

टाके अजून ओढतात, म्हणून बसल्या बसल्या मान लवेल तेवढाच नमस्कार करते. उरलेला तू आलीस की वाकून पुरा करीन. तुझे गुडघे काय म्हणतात? फोनवर विचारलं की तू दुसऱ्याच कुणाच्या तरी गुडघ्यांबद्दल सांगतेस, म्हणून मुद्दाम पत्रात विचारते आहे. आमच्याकडे गुंडी घरी आली. (नाव ठरेपर्यंत गुंडीच. दवाखान्यात काचेच्या पेटीत पहिल्यांदा दाखवली तेव्हा कोटाच्या गुंडीहून मोठी वाटली नाही. ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी तेवढीच.) दूध पिते, रडते, आणि डॉक्टरीणबाईंच्या मते तिचं आता ठीक चाललं आहे. तक्रार आहे ती थोरलीबद्दल, आणि ती तुझ्याकडेच करायला हवी, कारण तिला जन्माला तू घातलंस.

थोरली म्हणजे शिवणखोलीतला आपला कापडी पुतळा. बाजारात माझ्या मापाचा मिळेना, तेव्हा तू तारेचा सांगाडा वळवून, त्यावर कापूस थापून, वरून मांजरपाट शिवून माझ्याच अंगाची ती बाई उभी केलीस. डोकं नाही, हात नाहीत, बाकी हुबेहूब मी. तिच्या जिवावर मी भरल्या अंगाच्या बायकांची निम्मी गिऱ्हाइकी ओढली. मग माझं ते वजनाचं ऑपरेशन झालं. जठर कापून तिथे चिल्लर ठेवण्याएवढं पाकीट करून दिलं, आणि मी उतरत गेले. थोरली होती तेवढीच राहिली. गिऱ्हाइकं माझ्याकडे पाहून हळहळायची आणि तिच्याकडे पाहून विश्वासाने कापड टाकायची. मला मात्र तिच्याकडे पाठ करून मशीन चालवायला बरं वाटेना. आपलंच जुनं अंग कोपऱ्यात उभं राहून आपल्याकडे बघतंय (डोकं नसताना बघतंय, हे लक्षात घे), हे काही चांगलं नव्हे.

ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन उतरायचं थांबेपर्यंत, निदान दीड वर्ष तरी, मूल नको. आम्ही दोघांनी माना डोलावल्या, आणि मूल आम्हाला न विचारता आलं. (ह्यांना विचारलं असेल तर त्यांनी मला सांगितलं नाही.) डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. गोळ्या वाढवल्या, इंजेक्शनं लावली, शिरेतून लोह दिलं, आणि तपासणीची एकही खेप चुकवायची नाही असं दोनदा सांगितलं. बाकीच्यांना साखरेचं पाणी पाजून करतात ती तपासणी माझ्यावर केली नाही, कारण गोड एकदम पोटात गेलं की मला दरदरून घाम फुटतो. त्याऐवजी घरी बोट टोचून साखर बघायची. सासूबाईंचं वैद्यक निराळं. बाईने दोन जिवांचं खावं! माझ्या पाकिटात अर्ध्या जिवाचंही मावेना. अर्ध्या अंड्यावर मी हात टेकायचे, आणि त्या उरलेलं ताट शिवणखोलीत ठेवून जायच्या, काम करता करता खा म्हणून. घटकाभराने बघावं तर ताट लख्ख. त्यांना वाटे मी खाल्लं. मला वाटे त्यांनी उचललं. जाता-येता तोंडात काहीबाही टाकायची सवय ह्यांना आहे, म्हणून शेवटी दोघींचाही संशय ह्यांच्यावर होता, आणि घर सुखात चाललं होतं.

आता माझा गाढवपणा ऐक. डॉक्टरीणबाई पोट मोजतात ते टेपने, हे पाहून मला हसू आलं. दिवसभर गळ्यात टेप बाळगणारीने, दोन बसगाड्या बदलून दुसरीकडून टेप लावून घ्यायला जायचं? मधल्या खेपा मी सरळ बुडवल्या आणि घरीच मोजत राहिले. हात कुणाचा? तुझ्या तालमीतला! टेपखाली बोट घातल्याशिवाय माप घ्यायचं नाही, आणि अंग वाढतं असेल तर दर मापाला सैल जास्त ठेवायचं. एका बोटाची दोन झाली, दोनाची तीन, पुढे पुढे अख्खा पंजा. हाताला वळणच असं पडलंय की मला ते कळलंही नाही. पोट छान वाढत होतं, आत्या. टेपवर. मी खूश, ह्यांना आकडा सांगितला की हे खूश.

आणि त्याच दिवसांत थोरलीच्या अंगावरच्या टाचण्या उडायला लागल्या. एका गिऱ्हाईक बाईंचं जाकीट तिला घालून दाखवत होते, तर त्यांच्या देखतच मधला हूक तटकन तुटून भिंतीवर आपटला. “ही कितव्या महिन्यात?” असं विचारून त्या हसल्या. मीही हसले. हे म्हणाले, दमट हवा आहे, कापूस फुगतो. फुगत असेल, पण मग चारी बाजूंनी फुगावा ना? पाठ तीच, खांदे तेच, फक्त पोट पुढे. हात लावून पाहिला तर मांजरपाट कोमट लागलं. (जवळच इस्त्री ठेवली होती, अशी मी मनाची समजूत घातली. इस्त्री तेव्हा दुरुस्तीला गेली होती.)

शेवटी सासूबाईंनी हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी टेप लावली, चापून, बोटबीट काही नाही. पुन्हा लावली. यंत्रावर पाहिलं तर मूल दिवसांच्या मानाने फारच बारीक, वाढ अडलेली. मी बोटांची हकीकत सांगितली तेव्हा नर्सला हसू आलं, डॉक्टरीणबाईंना आलं नाही. घरी येऊन मी चपलाही न काढता शिवणखोलीत गेले आणि थोरलीचं माप घेतलं, चापून. माझं जेवढं भरायला हवं होतं, तेवढं तिचं भरलं. मी भ्यायले हे खरं, पण त्याहून जास्त मला लाज वाटली. वाटलं, पोरीने बरोबर ओळखलंय. या काडीपैलवान बाईजवळ राहून खायला काय मिळणार? त्या जाड्या बाईने तिला पोसलं असतं, आणि त्या बाईला मीच तर घालवून आले.

मग मात्र मी चमचा चमचा का होईना, दिवसभर खात राहिले. अंडी, डाळ, दूध, जे सांगतील ते. शेवटी दवाखान्यातच ठेवून घेतलं आणि दिवस भरायच्या आधी गुंडीला बाहेर काढलं. ती रडली तेव्हा मी तिच्याहून मोठ्यांदा रडले. त्याच दुपारी सासूबाई डबा घेऊन आल्या आणि कानाशी लागून म्हणाल्या, “अगं, त्या पुतळ्याचं पोट बसलंय.” पुढे गुंडी पेटीत भरत गेली, आणि इकडे थोरली उतरत गेली. श्रेय डॉक्टरीणबाईंचं, मी त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले आहेत. पण घरी आल्यापासून गुंडी माझ्या मांडीवर निजत नाही. माझी हाडं टोचत असतील. शिवणखोलीत थोरलीच्या पायथ्याशी दुपटं टाकलं की हूं नाही की चूं नाही. परवा थोरलीच्या छातीपाशी ओलसर डाग दिसला. वास घेतला. दुधाचा होता. (हे म्हणाले, दमट हवा.)

तर आत्या, तू ये आणि तुझी ही लेक घेऊन जा. घरात सवत असल्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या, पण आपणच आपली सवत झाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. मला माझं मूल माझ्या मांडीवर हवंय, एवढंच. सासूबाईंचा नमस्कार. ह्यांचाही, पण त्यांना यातलं काही बोलू नकोस.

तुझी उरलीसुरली,
भाची

ता. क. थोरलीसाठी टेम्पो लागणार नाही. आता ती बसमध्ये मांडीवर मावेल.

ता. क. (दुसरा) पत्र चिकटवायचं राहिलं होतं ते बरंच झालं. आज गुंडीचं वजन केलं. या खेपेला वाढलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी वरचं दूध सांगितलंय, ते सुरू केलं. पुन्हा बोलावलंय, आता एकही खेप चुकवणार नाही. घरी येऊन थोरलीकडे पाहिलं. मांजरपाट लोंबतंय, आतल्या तारा वर आल्या आहेत, हाताला कापूस म्हणून लागत नाही. बिचारीने काहीच ठेवलं नाही स्वतःला. वर नेण्याबिण्याचं लिहिलंय ते खोडलं असं समज. लगेच नीघ, आणि येताना कापूस आण. चांगला पिंजलेला, मिळेल तेवढा. शिवण मी उसवून ठेवली आहे.