प्रांजलीचा पास्ता आणि तांब्याभर पाणी

बजाजनगर, एप्रिल २०१६

चि. अंबिका, तुला आणि घरच्यांना आशीर्वाद.

प्रांजलीला घरी न्यायला तू तिच्या भावाला, विश्वजीतला पाठवलंस, म्हणून हे लिहावं लागतंय. एवढ्या दुष्काळात तुझी लेक पास्ता उकडून पातेलंभर पाणी मोरीत ओतते, असं तुला कुणी सांगितलं?

काल मी स्वतः तिच्याजवळ उभी राहिले. पास्त्याच्या कोरड्या नळ्यांत तिनं पालक-पनीर भरलं, नळ्या टोमॅटोच्या पातळ रश्श्यात बुडवल्या, वर चीज किसलं आणि ओव्हनमध्ये ठेवल्या. नळ्या रश्श्यातच शिजल्या. पाणी लागलं तांब्याभर, तेही पोटात गेलं.

"मावशी, आई भरली वांगी करते, तसंच हे," म्हणाली.

विश्वजीत आधी "हे काय लई भारी?" म्हणत नाक मुरडत होता. नंतर त्यानंच ताट पुसून खाल्लं.

तिचा हॉटेलचा कोर्स अर्धा झालाय. तो मोडायचा नाही. आमच्याकडे टँकर येतो, कधी उशिरा येतो इतकंच. तुमच्या विहिरीचं मात्र खरं कळव. गुरं अजून दावणीला आहेत ना?

तुझी अक्का,
मनकर्णा

विश्वजीतच्या हाती दिलं: भरल्या पास्त्याचा डबा एक, चीजचा तुकडा एक. प्रांजली दिलेली नाही.